तान्ह्याचा पोटशूळ आणि हातांचे उपचार

बाळंतपणास पंधरवडा लोटतो, बाळ नीट दूध ओढू लागते, त्याचे वजनही भरू लागते, आणि मग एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास ते रडावयास प्रारंभ करते. पाय पोटाशी घेते, मुठी आवळते, चेहरा लालबुंद होतो. पदराखाली घेतले तर क्षणभर थांबते व पुन्हा टाहो फोडते. तास-दोन तासांनी ते थकून निजते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही घडलेच नव्हते अशा रीतीने शांत असते. छत्रपती संभाजीनगर शहरातील सदनिका असो वा सोयगाव-कन्नडकडील डोंगराच्या कुशीतील वस्ती असो, लहान मूल असलेल्या घरांना हा अनुभव नवा नाही. घरातील वडीलधारी मंडळी निदान सांगून मोकळी होतात. कुणी म्हणते पोटात कळ आली, कुणी म्हणते वात धरला, कुणी दृष्ट लागल्याचे सांगते, तर कुणास न्हाऊ घालताना सांधा दुखावला असावा असे वाटते. निदान जसे, तसा उपचार ठरतो आणि तो बहुधा त्याच रात्री सुरू होतो.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात अर्भकाचा पोटशूळ अथवा कॉलिक म्हणतात. आपल्याकडे तिची नोंद फार जुनी आहे. आयुर्वेदातील बालरोगविषयक प्रमुख ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. बोलता न येणाऱ्या बालकाची वेदना कशावरून ओळखावी याचा एक स्वतंत्र अध्यायच तीत आहे. पोट दुखणारे बालक स्तन सोडते, रडते, त्याचे पोट ताठरते, असे वर्णन तेथे आढळते. आधुनिक काळातील व्याख्या १९५४ ची आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांनी असे ठरविले की, अन्यथा निरोगी व चांगले पोसलेले मूल दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातील तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर त्यास पोटशूळ म्हणावे. तीन आठवडे वाट पाहण्याइतका धीर कोणत्याच मातापित्यांजवळ नसतो. त्यामुळे पुढे ही व्याख्या सैल करण्यात आली. नावात पोट असले, तरी दुखणे पोटातच असते हे अद्याप निश्चितपणे सिद्ध झालेले नाही, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवावयास हवी.

रडण्याचे वेळापत्रक

या रडण्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यास ठराविक वेळापत्रक आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये मातांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या. निरोगी मुलांचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसास पोहोचते आणि त्यानंतर उतरू लागते, असे त्यांना आढळले. त्या कळसाच्या काळात सर्वसाधारण मूलही दिवसाकाठी पावणेतीन तासांच्या आसपास रडत होते. निरनिराळ्या देशांतील अशा अभ्यासांची एकत्रित छाननी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार पहिल्या सहा आठवड्यांत १७ ते २५ टक्के मुले पोटशूळाच्या व्याख्येत बसतात, आठव्या-नवव्या आठवड्यात हे प्रमाण ११ टक्क्यांवर येते, आणि दहाव्या ते बाराव्या आठवड्यात ते एक टक्क्याहूनही कमी उरते.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, घरातील मंडळी जेरीस येऊन उपाय शोधू लागतात तो काळ नेमका कळसाचा असतो. कळसानंतर उतार हा यायचाच. सहाव्या आठवड्यात सुरू केलेल्या कोणत्याही उपायाचे फळ आठव्या-नवव्या आठवड्यात दिसते, मग तो उपाय थेंबांचा असो, गुटीचा असो, अंगाऱ्याचा असो वा कण्यावरील दाबाचा असो. उतार कालमानाने आलेला असतो. श्रेय मात्र उपायास मिळते. शेजारणीने छातीठोकपणे सांगितलेला अनुभव खोटा नसतो. तिचे मूल खरोखरच शांत झालेले असते. ते का शांत झाले, एवढाच प्रश्न असतो.

कण्याच्या उपचारांची कथा

हाताने कण्याचे मणके दाबून अथवा त्यांस हलका झटका देऊन आजार बरे करण्याच्या पद्धतीस कायरोप्रॅक्टिक असे नाव आहे. १८९५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी तिचा पाया घातला. मणके किंचित सरकल्याने मज्जातंतूंवर परिणाम होतो व त्यातून नाना व्याधी उद्भवतात, अशी त्यांची उपपत्ती होती. आपल्याकडील हाडवैद्य निखळलेला सांधा बसवितो. पामर यांचा दावा त्याहून कितीतरी व्यापक होता. तान्ह्या मुलांचे रडणेही त्यात आले. प्रसूतीच्या वेळी मानेच्या वा पाठीच्या मणक्यांवर ताण येतो व तो दूर केला की मूल शांत होते, असे या पद्धतीचे काही व्यवसायी सांगतात. वस्तुतः तान्ह्या मुलाच्या कण्याचा बराचसा भाग अजून कूर्चेचाच असतो, आणि रडणाऱ्या मुलांचे मणके सरकलेले असतात हे कोणत्याही तपासणीने दाखविता आलेले नाही.

युरोप-अमेरिकेत या उपचारांची कसून परीक्षा झाली आहे. डेन्मार्कमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही मुलांवर कण्याचे उपचार झाले, तर काहींना पोटातील वायूचे थेंब देण्यात आले. कण्याचे उपचार झालेली मुले कमी रडली. मात्र आपल्या मुलास कोणता उपचार मिळतो हे मातापित्यांना ठाऊक होते व रडण्याची नोंदही तेच ठेवीत होते. ज्याच्यावर भिस्त, त्याच्या बाजूने नोंद झुकते, हा मनुष्यस्वभाव आहे.

दोन वर्षांनी, २००१ मध्ये, नॉर्वेतील बर्गन येथील चाचणीत ही त्रुटी दूर करण्यात आली. आई-वडिलांना खोलीबाहेर बसविण्यात आले. आत काही मुलांवर कायरोप्रॅक्टिक उपचार झाले, तर उरलेल्यांना परिचारिकेने सुमारे दहा मिनिटे नुसते हातांत धरून ठेवले. आठ दिवसांत असे तीन वेळा करण्यात आले. उपचार मिळालेल्या ४६ मुलांपैकी ३२ मुलांत, म्हणजे सुमारे ७० टक्क्यांत, सुधारणा दिसली. नुसते हातांत धरलेल्या ४० पैकी २४ मुलांतही ती दिसली, म्हणजे ६० टक्के. हा फरक योगायोगाने पडू शकतो इतका लहान होता. कोणताही उपचार न होता दर दहातील सहा मुले आठवडाभरात सुधारली, हीच या चाचणीतील लक्षणीय बाब होय.

२०१२ मध्ये कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने एकूण ३२५ मुलांवरील सहा चाचण्या तपासल्या. त्या लहान व सदोष असून त्यांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असा अभिप्राय तिने दिला. पुढे डेन्मार्कमध्येच सुमारे २०० मुलांची चाचणी घेण्यात आली व २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत उपचारित मुलांचे रडणे दुसऱ्या गटापेक्षा अर्ध्या तासाच्या आसपास अधिक घटले होते. परंतु मुलांचे वय, आधीचे रडणे इत्यादी बाबी हिशेबात घेतल्यावर तो फरक निश्चित राहिला नाही.

ब्रिटनमध्ये हा वाद न्यायालयात गेला. भारतीय वंशाचे विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये एका वृत्तपत्रीय लेखात, पोटशूळासारख्या बालविकारांवर कायरोप्रॅक्टिकचा उपयोग होतो या दाव्यास पुरावा नाही, असे लिहिले. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. अपील न्यायालयाने सिंग यांच्या बाजूने महत्त्वाचा निर्णय दिल्यानंतर एप्रिल २०१० मध्ये संघटनेने तो मागे घेतला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीचा परिणाम म्हणून तेथील अब्रुनुकसानीचा कायदा २०१३ मध्ये बदलण्यात आला. एका तान्ह्याच्या रडण्याचा वाद देशाच्या कायद्यापर्यंत पोहोचावा, हे नवलच म्हणावयाचे.

ऑस्ट्रेलियातील घटना आपल्याकडील वाचकांस अधिक जवळची वाटेल. दोन आठवड्यांच्या बालकास पायांना धरून उलटे लोंबकळत ठेवल्याची एक चित्रफीत २०१९ मध्ये तेथे गाजली. व्हिक्टोरिया राज्याच्या शासनाने चौकशी केली. गंभीर इजेची उदाहरणे अहवालास फारच थोडी आढळली. परंतु लाभाचाही भक्कम पुरावा आढळला नाही. लाभ नसेल तर अल्प धोकाही का पत्करावा, या विचाराने तेथील नियामक मंडळाने दोन वर्षांखालील मुलांच्या कण्यावरील उपचार थांबविले. २०२३ च्या अखेरीस हे बंधन सैल झाले होते. आरोग्यमंत्र्यांच्या आग्रहानंतर २०२४ मध्ये ते पुन्हा लागू करण्यात आले. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. मोबाइलवरील हाडे कडाडविण्याच्या चित्रफिती मात्र खेड्यापाड्यांतही पाहिल्या जातात.

आपल्या मोरीतील उपचार

बाळास पायांना धरून उलटे करण्यासाठी आपल्याला ऑस्ट्रेलियात जावे लागत नाही. बाळ-बाळंतिणीस न्हाऊ घालणारी बाई महाराष्ट्रातील बहुतेक गावांत आहे. ती पाय लांब करून पाटावर बसते, बाळास नडगीवर पालथे घेते, तेल चोळते, हातापायांच्या उलटसुलट घड्या घालते, नाक ओढून सरळ करते, डोक्यास आकार देते, आणि शेवटी काही ठिकाणी बाळास पायांनी धरून उलटे झुलविते अथवा वर उडविते. सांधे मोकळे होतात व पोटातील वात सरतो, अशी श्रद्धा यामागे असते.

या कामातील चांगला भाग टाकून देण्याचे कारण नाही. हलक्या हाताचे तेलमालिश बाळास सुखावते व आईस विसावा देते. मुंबईच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील अभ्यासात खोबरेल तेलाच्या मालिशने अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे वजन अधिक वेगाने वाढल्याचे २००५ मध्ये दिसून आले. परंतु मान न धरणाऱ्या बाळास उलटे झुलविणे, वर उडविणे अथवा सांध्यांना झटके देणे ही गोष्ट वेगळी आहे. त्या वयात डोके जड व मान दुबळी असते आणि हिसक्याने मेंदूभोवतीच्या नाजूक रक्तवाहिन्या फाटू शकतात. नाकात तेल सोडल्यास ते फुप्फुसात उतरण्याची भीती असते. ओवा-शेपांच्या धुरीने कोंडलेली खोली बाळाच्या श्वासास हितकर नाही. बाईचा हात हवा. झटके नकोत, एवढे तिला सांगणे अवघड नाही. गावात तिचा मान असतो. आरोग्य उपकेंद्रातील बैठकीस तिलाही बोलाविले, तर ती ऐकून घेते आणि अनेकदा चार गोष्टी सांगतेही.

गुटी, बाटली आणि गोळी

बाळकडू हा शब्द आज आपण वारशाने मिळालेल्या शिकवणुकीसाठी वापरतो. मूळचे बाळकडू म्हणजे तान्ह्यास पाजावयाचे कडू औषध. मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, सुंठ यांचे वेढे सहाणेवर उगाळून केलेली गुटी त्याच परंपरेतील आहे. अडचण अशी की, सहाण, पाणी, दूध आणि बोट यांपैकी काही अस्वच्छ असले तरी जंतू थेट बाळाच्या पोटात जातात, आणि मात्रा तर हातासरशी ठरते. पहिले सहा महिने आईच्या दुधाव्यतिरिक्त पाणीही देऊ नये, ही शिफारस याच कारणासाठी आहे. मधाचे बोट तर वर्षभर टाळावे. त्यातून एक दुर्मीळ परंतु घातक विषबाधा संभवते.

ग्राइप वॉटरचा उगम इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचा. विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये ते प्रचारात आणले. जुन्या मिश्रणात मद्यार्क असे, यावरून बाळे का निजत याचा अंदाज करता येतो. कालांतराने तो काढून टाकण्यात आला. याहून विदारक उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. १९२० च्या दशकात गिरणीकामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत. मूल दिवसभर निजून राही आणि भुकेने रडण्याचेही विसरे. त्या माता निष्काळजी नव्हत्या. पाळणाघर नव्हते आणि रजा नव्हती. मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ मध्ये झाला.

औषधांच्या दुकानातील थेंबांविषयीही सावधगिरी हवी. डायसायक्लोमिन हे कळ थांबविणारे औषध सहा महिन्यांखालील मुलांना देऊ नये. त्याने श्वास अडखळल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. वायूवरील सिमेथिकोनचे थेंब तुलनेने निरुपद्रवी असले, तरी चाचण्यांत ते पाण्याहून सरस ठरलेले नाहीत. एका विशिष्ट उपयुक्त जिवाणूच्या थेंबांनी आईच्या दुधावरील मुलांचे रडणे काहीसे घटते, असे अलीकडील अभ्यास सांगतात. तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे.

हातांच्या उपचारांचे सर्वांत भीषण रूप राज्याच्या दुसऱ्या भागात, अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात आढळते. पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तप्त विळ्याने वा सळईने चटके देण्याच्या तेथील प्रथेस डम्मा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातील एका २२ दिवसांच्या बालकास असे ६५ चटके दिल्याचे उघडकीस आले व गुन्हा नोंदविण्यात आला. येथे कायद्याचे काम आहेच. तथापि चटका देणारी व्यक्ती बहुधा बाळाच्या घरातील अथवा ओळखीतील असते आणि तिला बाळ वाचवावयाचेच असते. फुगलेले पोट हे अनेकदा पोटशूळाचे नव्हे, तर जंतुसंसर्गाचे वा आतडे अडल्याचे लक्षण असते. चटक्यांत गेलेला दिवस हा रुग्णालयात पोहोचण्याचा दिवस असतो.

रडणे कोणते आणि आजार कोणता

ज्या बाळाचे रडणे सायंकाळी येते, जे एरवी नीट दूध पिते, ज्याचे वजन वाढते व ज्यास ताप नाही, त्याच्याबाबत घाबरण्याचे कारण नसते. मात्र बाळाने दूध ओढणे सोडले, अंग तापले वा गार पडले, हिरवी उलटी झाली, शौचावाटे रक्त गेले, पोट फुगून कडक झाले, जांघेत न दबणारी गाठ आली, झटके आले, श्वास जलद झाला, अथवा रडणारे मूल एकाएकी मलूल व सुस्त पडले, तर एक क्षणही घरी घालवू नये. यांपैकी सुस्तपणा सर्वांत फसवा आहे, कारण घरातील लोकांना हायसे वाटते. अशा बाळास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने हलविता येते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकाचा उपचार व वाहतूक विनामूल्य आहे. छत्रपती संभाजीनगर येथे १९५६ मध्ये स्थापन झालेले व अवघ्या मराठवाड्यात घाटी याच नावाने ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. त्यातील नवजात शिशु विभागात आसपासच्या जिल्ह्यांतील बालकेही येतात.

आजार नाही याची खात्री झाल्यावर उरते ते धीराचे काम. दूध पाजल्यावर बाळास खांद्यावर उभे धरून ढेकर काढावी, अंधुक प्रकाशात फिरवावे, सुती कापडात सैलसर गुंडाळावे. माँट्रियल येथे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी बाळांना रोज नेहमीपेक्षा अधिक वेळ कवेत घेतल्यावर सहाव्या आठवड्यातील रडणे ४३ टक्क्यांनी कमी आढळले. आजी, आत्या, मावशी यांनी आळीपाळीने बाळ फिरविण्याच्या आपल्या रीतीस हे पोषकच आहे. बाप्यांनीही त्यात वाटा उचलावा. आई एकटी असेल व सहनशक्ती संपली असेल, तर बाळास सुरक्षित जागी निजवून तिने पाच-दहा मिनिटे बाहेर बसावे. रागाच्या भरात बाळास गदागदा हलवू नये. आईची झोप, तिचे जेवण व तिच्या मनाची उदासी यांची विचारपूस हा या उपचाराचाच भाग आहे.

बेचाळिसावा दिवस

या कामी आशा स्वयंसेविकेचे स्थान मोठे आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले व २०११ पासून तो देशभर कार्यक्रमरूपाने स्वीकारला गेला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देते. रडणे सुरू होण्याचा काळ चौदाव्या दिवसाच्या भेटीच्या आसपासचा, आणि त्याचा कळस बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपासचा. सव्वा महिना उलटून बाळंतीण खोलीबाहेर येते, पाहुण्यांची रीघ लागते व सल्ल्यांचा सुकाळ होतो, तेही याच सुमारास. त्यानंतरची नियत भेट थेट तिसऱ्या महिन्यात असते. तोवर बहुतेक बाळे शांत झालेली असतात. म्हणून रडण्याच्या वेळापत्रकाची माहिती चौदाव्या दिवशीच घरातील सर्वांना, विशेषतः सासूबाईंना व न्हाऊ घालणाऱ्या बाईस, द्यावी. बेचाळिसाव्या दिवशी वजन पाहून आईस धीर द्यावा.

एका गटाकडे मात्र ही भेट सहजासहजी पोहोचत नाही. बीडसह मराठवाड्याच्या अनेक तालुक्यांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडाजवळच्या कोपीत जन्मलेल्या वा तेथे नेलेल्या बाळाचा सहावा आठवडा थंडीत, उघड्यावर येतो. आई पहाटे तोडणीस जाते. बाळ थोरल्या बहिणीच्या मांडीवर असते, आणि ती स्वतः शाळेच्या वयाची असते. टोळी निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीने गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांची यादी करून आरोग्य केंद्रास द्यावी, माता व बाल संरक्षण कार्ड त्यांच्यासोबत जाईल हे पाहावे, आणि ज्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात टोळी जाणार तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रास ते कळवावे. हंगामापूर्वीच्या मासिक सभेत या यादीस अर्धा तास पुरतो.